नुसतं ‘बघू या’ लिहून गप्प बसू नकोस

भावा, तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप उडाली. २९व्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला, फुटबॉलमधला फॉरवर्ड, म्हणजे पुढं राहून गोल मारणारा होतास, तो कोच झालास, आणि आता आखातातल्या अकादमीचा म्हणवणारा एक माणूस व्हॉट्सॅपवर नोकरी देतोय. पगार इथल्या तिप्पट, अट एकच, ‘दोन-तीन पोरं आमची असतील, ती कधी खेळवायची ते आम्ही सांगू.’ तू त्याला ‘बघू या सर’ असं लिहून ठेवलंयस आणि विचारतोयस, आता गप्प बसलं तर चालेल का?

नाही चालणार. मी नेमकं हेच लिहिलं होतं आणि गप्प बसलो होतो.

करार लेखी घे, व्हिसा कसला आहे ते तपास, हे बाकीच्यांनी सांगितलंच आहे. मी त्यात जात नाही. माझी गोष्ट सांगण्याआधी एका मोठ्या माणसाची सांगतो, कारण हाच घोळ किती वरपर्यंत जातो ते तुला कळायला हवं.

सॅमसन सियासिया. नायजेरियाचा फॉरवर्ड. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाविरुद्धची मॅच आपल्याकडे रात्री दीड वाजता होती. आमच्या पेठेत एका घरात वीस-पंचवीस जण टीव्हीपुढे दाटीवाटीनं बसलो होतो. आठव्याच मिनिटाला सियासियानं बॉल गोलकीपरच्या डोक्यावरून असा अलगद उचलला की सगळं घर उभं राहिलं. पुढे अर्जेंटिनाच्या कानिजियानं दोन मारले आणि मॅच गेली, पण मी फॉरवर्ड व्हायचं ठरवलं ते त्या एका बॉलमुळं. (मॅराडोनाची ती शेवटची आंतरराष्ट्रीय मॅच ठरली, म्हणून लोक ती त्याच्या नावानं लक्षात ठेवतात. मी सियासियाच्या नावानं ठेवतो.) त्याच वर्षी ट्युनिशियात आफ्रिकन कप जिंकलेल्या टीममध्ये तो होता. बेल्जियममध्ये लोकेरेन, मग फ्रान्समध्ये नांत, तिथं १९९५ ला लीग जिंकली. शेवटी शेवटी ऑस्ट्रेलियात पर्थ ग्लोरीकडून खेळला.

कोच म्हणून तर तो आणखी मोठा. २००५ ला नेदरलँड्समध्ये वीस वर्षांखालच्या मुलांच्या वर्ल्ड कपची फायनल, पुन्हा अर्जेंटिना, त्याची नायजेरिया १-२ नं हरली. मेस्सीच्या दोन पेनल्टी. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकची फायनल, पुन्हा अर्जेंटिना, डी मारियाचा एकच गोल, रौप्यपदक. सीनियर टीम हाती आली, पण ऑक्टोबर २०११ मध्ये अबुजात गिनीनं भरपाई वेळेत २-२ केलं, आफ्रिकन कपचं तिकीट हुकलं आणि त्याला काढलं. एका गोलावर नोकरी जाते, हे तुझ्यासारख्या स्ट्रायकरला वेगळं सांगायला नको.

मग २०१६, रिओ ऑलिंपिक, पुन्हा तोच कोच. विमानाचे पैसे वेळेवर न भरल्यामुळं अख्खी टीम अटलांटात अडकून पडली. ब्राझीलमधल्या मनाउसला, जिथं पहिली मॅच होती, पोचली ती मॅचच्या काही तास आधी. तसेच मैदानात उतरले आणि जपानला ५-४ हरवलं, एटेबोचे चार गोल. होंडुरासला ३-२ हरवून कांस्य आणलं. हे सगळं चालू असताना आपला पगार महिनोन्‌महिने थकलाय, असं सियासिया उघड सांगत होता. जपानमधल्या एका सर्जननं या टीमला ३,९०,००० डॉलर दिले, इतकं त्याला या पोरांचं वाईट वाटलं. आपल्याकडे कोचचे पैसे थकतात म्हणून आपण रडतो. पदक आणणाऱ्याचेही थकतात रे. असो, भरकटलो.

आता मुद्दा. २०१० मध्ये सियासियाला ईमेलवरून एका ऑस्ट्रेलियन क्लबच्या कोचपदाची विचारणा झाली. विचारणारा होता विल्सन राज पेरुमाल, सिंगापूरचा मॅच-फिक्सर. पुढच्याच वर्षी फिनलंडमध्ये त्याला शिक्षा झाली. सियासियाचं म्हणणं कायम हेच राहिलं की मी नोकरीची बोलणी करत होतो. बोलणी फिसकटली, नोकरी झाली नाही, पैसा मिळाला नाही. पण मेल राहिले. नऊ वर्षांनी, १६ ऑगस्ट २०१९ ला, फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, मॅचमध्ये फेरफार करण्यासाठी लाच घ्यायला तयार झाल्याचा ठपका ठेवून त्याच्यावर आजन्म बंदी घातली. वर ५०,००० स्विस फ्रँकचा दंड. चौकशी चालू आहे हेच मला माहीत नव्हतं, असं तो म्हणाला. आणि त्या वेळी घरी काय होतं? जुलैमध्ये नायजेरियातल्या बायेल्सा राज्यातल्या त्याच्या गावातून बंदूकवाल्यांनी त्याच्या म्हाताऱ्या आईला पळवून नेलं होतं, २०१५ नंतर दुसऱ्यांदा. ती सुटली सप्टेंबरअखेर. म्हणजे आई कुठे आहे ते ठाऊक नसताना हा माणूस आजन्म बंदीचा कागद हातात घेऊन उभा होता.

अशा बंदीविरुद्ध दाद मागतात त्या स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत जायलाही त्याला लोकांकडे पैशाची मदत मागावी लागली. जून २०२१ मध्ये निकाल लागला. पहिलाच गुन्हा, तोही निष्क्रिय स्वरूपाचा, म्हणून आजन्मची पाच वर्षं झाली आणि दंड रद्द झाला. पण निर्दोष नाही म्हटलं. ‘निष्क्रिय’ या शब्दावर थांब जरा. त्यानं मॅच विकली असं लवाद म्हणालेला नाही. तरीही पाच वर्षं. बंदी ऑगस्ट २०२४ ला संपली तेव्हा तो ५७ वर्षांचा झाला होता.

माझी गोष्ट याच्या शंभराव्या हिश्शाचीसुद्धा नाही, पण जात तीच. मी कोल्हापूर सोडून दुसऱ्या शहरात मुलांच्या टीमचा कोच होतो. एका खासगी लीगमध्ये आमची टीम. एक एजंट चहाला भेटला, नंतर मेसेज आला, ‘आपल्या दोन पोरांना खेळवा, तुमचंही बघतो.’ मला तो आवडला नव्हता. पण तोडून बोलायचं जिवावर आलं, आपल्याकडे माणसाला तोंडावर नाही म्हणवत नाही. मी लिहिलं, ‘बघू या.’ त्याच्या एकाही पोराला खेळवलं नाही, एक रुपया घेतला नाही. आठ महिन्यांनी तो दुसऱ्याच टीमच्या प्रकरणात सापडला आणि त्याच्या फोनमधून माझं ‘बघू या’ निघालं.

लीगच्या कार्यालयानं खुलासा मागवला, तोही मेलवर. कुठल्या मेलवर? नोंदणीच्या वेळी क्लबच्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं माझ्या नावानं काढला होता त्या. पासवर्ड त्याच्याकडे, आणि तो नोकरी सोडून गेलेला. मुदत दहा दिवसांची. खुलासा आला नाही म्हणून आरोप मान्य, दोन सीझन बंदी. मला कळलं ते थेट मैदानाच्या गेटवर. खांद्यावर कोनची पिशवी, हातात शिट्टी, आत माझी पोरं बिब घालून धावतायत आणि गेटवरचा माणूस कागदावर बोट फिरवत म्हणतोय, ‘सर, तुमचं नाव नाही आत.’

कार्यालयात गेलो तर तिथल्या बाईंनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. ‘हे बघा, गेलाय मेल.’ मी म्हटलं, फॉर्मवर माझा मोबाईल नंबर आहे, एक फोन? ‘फोन करायची आमच्याकडे पद्धत नाही.’ तीन वेळा गेलो, तीनदा हेच. अपील कुठं करायचं, किती दिवसांत, हे सांगणारा एक माणूस त्या इमारतीत नव्हता. मुदत संपल्यावर मात्र मुदत संपल्याचं पत्र घरच्या पत्त्यावर वेळेवर आलं! त्या टीममधली चार पोरं त्या दोन वर्षांत फुटबॉल सोडून गेली. मला सगळ्यात जास्त तेच लागलंय, अजूनही.

मी वकील नाही. तुझ्या करारात काय आहे मला माहीत नाही. तो माणूस कदाचित प्रामाणिकही असेल, पण ‘आमची पोरं आम्ही सांगू तेव्हा’ म्हणणारा प्रामाणिक माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. माझं मत एकच. ‘बघू या’चा अर्थ नंतर दुसरे लोक लावतात, म्हणून नकार द्यायचा तो स्वच्छ आणि लेखी. आणि तेवढ्यावर थांबायचं नाही. फिफाच्या नियमांत अशी विचारणा झाली तर ती कळवणं बंधनकारक आहे, नाही म्हणून मोकळं होता येत नाही. फुटबॉल महासंघाच्या किंवा तुझ्या संघटनेच्या सचोटी अधिकाऱ्याला, म्हणजे असल्या फिक्सिंगच्या तक्रारी बघणाऱ्याला, मेल कर. मेलची प्रत क्लबच्या सेक्रेटरीला, पोच मागून घे. वेडेपणा वाटेल, लोक म्हणतील उगाच बोभाटा करतोय. म्हणू देत.

दुसरं, तुझ्या नोंदणीत कुठला ईमेल आहे ते आज बघ. उद्या नाही, आज. जुना असेल तर बदल, आणि बदलल्याचं कळव. जुनं खातंही मारू नकोस, अधूनमधून उघडत जा. दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. चॅट डिलीट करायचा मोह होईल, तो अजिबात करू नकोस, एक्स्पोर्ट करून दोन ठिकाणी ठेव. त्याच्याकडे प्रत आहेच, तुझ्याकडे नसली तर तू काय दाखवणार?

त्याला एवढंच लिही: ‘टीममध्ये कोण आणि कधी खेळणार हे कोच म्हणून मीच ठरवतो. तुमची अट मला मान्य नाही, आधीचं “बघू या” हे होकार समजू नये. ही विचारणा मी संघटनेला कळवत आहे.’ ना नमस्कार, ना इमोजी. फोन आला तर उचलू नकोस, लेखी बोला म्हण.

आणि त्यानं पहिला मेसेज कधी पाठवला ती तारीख इथं टाक. किती दिवस झालेत त्यावर कळवायच्या मेलमध्ये उशिराचं कारण कसं मांडायचं ते ठरेल. मी रात्री दहानंतर ऑनलाइन असतो, मसुदा बघून देतो.