कम्युनिटी कॉलेजातल्या शिक्षकांसाठी ज्या कार्यशाळा असतात, त्यांचा खरंच उपयोग होतो का? कुठल्या निवडाव्यात?

तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) या सेमिस्टरपासून ॲडजंक्ट, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, म्हणून शिकवायला लागलात, डीनच्या ऑफिसातून 'प्रोफेशनल डेव्हलपमेंट'ची भलीमोठी यादी आली आहे, आणि त्यातलं काय करावं, की सगळंच वेळ घालवणं आहे, हे कळत नाहीये. मी गणित आणि स्टॅटिस्टिक्स शिकवते. पहिली सहा वर्षं तुमच्यासारखीच अर्धवेळ होते, दोन कॉलेजांत गाडी पळवत. आजवर तीसेक कार्यशाळांना बसले असेन. त्यातल्या ज्यांनी माझं शिकवणं बदललं त्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण बदललं ते चांगलंच बदललं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

पहिल्यांदा पैशांचं, कारण ते कोणी आपणहून सांगत नाही. कॅलिफोर्नियात कॉलेजांना वर्षातले १५ पर्यंत दिवस नेहमीच्या तासांऐवजी अशा कामासाठी वापरता येतात. त्यांना सगळे 'फ्लेक्स डे' म्हणतात. पूर्णवेळ शिक्षकांना ते तास भरावेच लागतात. अर्धवेळवाल्यांना किती तासांचे पैसे मिळतात, मिळतात की नाही, हे तुमच्या डिस्ट्रिक्टच्या (कॉलेज चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) करारात लिहिलेलं असतं. तो करार युनियनच्या प्रतिनिधीकडून मागून घ्या आणि ते एक कलम वाचा. मी एकदा आख्खा उन्हाळा एक कोर्स केला, पगाराची पायरी वाढेल या आशेवर. अर्ज परत आला: मंजुरी कोर्स सुरू व्हायच्या आधी घ्यायची होती. वरातीमागून घोडं. तेव्हा नाव नोंदवण्याआधी डीनला ईमेल, आणि उत्तर लेखी. सगळीकडे असं कोरडं नसतं हेही सांगते. फ्लोरिडातल्या व्हॅलेन्सिया कॉलेजात अर्धवेळ शिक्षकांनी ठरावीक तासांचं प्रशिक्षण पूर्ण केलं की त्यांचा मानधनाचा दर वाढतो. २०११ साली उत्तम कम्युनिटी कॉलेजांसाठीचा ॲस्पेन पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तेव्हा तो याच कॉलेजाला मिळाला होता.

आता या कार्यशाळा मुळात लागतातच का? कारण आपल्याला शिकवायला कोणी शिकवलेलंच नसतं. शाळेत पहिलीच्या वर्गावर उभं राहायला शिक्षकाला परवाना लागतो. कम्युनिटी कॉलेजात लागत नाही. कॅलिफोर्नियात पूर्वी परवाना होता. १९८८ च्या एबी १७२५ या कायद्याने तो काढून टाकला आणि त्या जागी किमान पात्रता आणली: गणित-इंग्रजीसारख्या विषयांना मास्टर्स, आणि वेल्डिंगसारख्या धंदेशिक्षणाच्या बऱ्याच विषयांना बॅचलर्स व दोन वर्षांचा अनुभव किंवा असोसिएट (दोन वर्षांची) डिग्री व सहा वर्षांचा. शिकवण्याच्या प्रशिक्षणाचा एक तासही त्यात नाही. मला मुलाखतीनंतर आठ दिवसांत वर्ग मिळाला, सोबत पुस्तक आणि पार्किंगचा परवाना. बाकी ज्याचं त्याने बघायचं. आपल्या प्राध्यापकांनी आपल्याला जसं शिकवलं तसंच आपण शिकवतो, आणि ते प्राध्यापक ज्यांना शिकवत होते ती मुलं वेगळी होती.

यादीत 'इन्स्ट्रक्शनल स्किल्स वर्कशॉप' दिसली तर डोळे मिटून नाव घाला. ही मूळ कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाची, १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या कॉलेजांसाठी बनवलेली. चोवीस तासांची असते, तीन-चार दिवसांत वाटलेली. गट पाच-सहा जणांचा, तोही वेगवेगळ्या विषयांतल्या. प्रत्येकाने तीनदा दहा-दहा मिनिटांचा धडा घ्यायचा. बाकीचे विद्यार्थी होतात, खरेखुरे, नाटकी नव्हे. धड्याचं व्हिडिओ चित्रण होतं, मग लेखी आणि तोंडी अभिप्राय. धड्याचा साचा ठरलेला असतो: मन ओढून घेणारी सुरुवात, आज काय जमायला हवं ते, आधी काय येतं याची चाचपणी, विद्यार्थ्यांनी स्वतः करायचं काम, जमलं का याची तपासणी, आणि आवरतं घेणं. कागदावर अगदी बाळबोध वाटतं. दहा मिनिटांत सहाही बसवून दाखवा, मग बोलू.

माझ्या गटात एक नर्सिंगच्या बाई होत्या, एक इंग्रजीचे, एक अकाउंटिंगचे आणि एक वेल्डिंगचे मास्तर. वेल्डिंगच्या मास्तरांनी पहिला धडा घेतला. प्रत्येकाच्या हातात एक मेजरिंग टेप आणि लोखंडी पट्टीचा तुकडा दिला. म्हणाले, "लांबी मोजा, कागदावर लिहा, शेजाऱ्याला दाखवू नका." मी टेपचं टोक पट्टीला अडकवलं तर ते सैल, पुढे-मागे हलत होतं. मी गणिताची. मी म्हटलं, टेप खराब आहे, टोकावर विसंबायचं नाही, एक इंचाच्या रेघेपासून मोजू. मोजलं, ऐटीत लिहिलं. सगळ्यांचे आकडे त्यांनी फळ्यावर मांडले, आणि माझा बाकीच्यांपेक्षा बरोब्बर एक इंचाने जास्त. सुरुवातीचा एक इंच वजा करायला मी विसरले होते! मास्तर हसले नाहीत. चुकलंय कोण तेही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "टोक सगळ्यांचंच हलतंय ना? कंपनीने मुद्दाम सैल का ठेवलं असेल?" आणि गप्प उभे राहिले. खूप वेळ. मला ती शांतता सहन होईना. शेवटी नर्सिंगच्या बाई चाचरत म्हणाल्या, बाहेरून अडकवलं तर टोकाची जाडी मापात येत नाही, पण भिंतीला आतून टेकवलं तर येते... म्हणून ते स्वतःच्या जाडीइतकंच सरकत असेल का? अगदी तसंच. दहा मिनिटं संपली. मी वीस वर्षं टेप वापरत होते.

मग माझा धडा. रेषेचा चढ. मला वाटलं छान झाला. व्हिडिओ लावला तर दिसलं, मी चार वेळा "काही शंका?" विचारलं आणि चारही वेळा कोणी श्वास घ्यायच्या आत स्वतःच पुढे बोलायला लागले. अभिप्रायाच्या कागदावर वेल्डिंगच्या मास्तरांनी दोन वाक्यं लिहिली होती: "तुम्ही फार सोपं करून सांगितलंत. मला काहीच करावं लागलं नाही." पहिलं वाक्य वाचून मी खूश झाले होते. दुसऱ्याचा अर्थ घरी जाताना गाडीत कळला.

थांबण्याची ही गोष्ट काही नवी नाही. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब होतात, एरवी गप्प असणारीही बोलतात. मी हे वाचलं होतं. चाचणीत विचारलं असतं तर लिहूनही दाखवलं असतं. पण स्वतःला पडद्यावर पाहीपर्यंत ते माझ्याबद्दल आहे असं कधी वाटलंच नव्हतं. आता मी प्रश्न विचारला की मार्कर खाली ठेवते आणि मनात दहापर्यंत मोजते. मार्कर हातात असला की मला थांबता येत नाही, एवढं स्वतःविषयी कळलंय.

माझी निवडीची कसोटी यातूनच आली. कार्यशाळेचं वर्णन वाचा आणि बघा, तिथे तुम्हाला काय करायचंय. 'ओळख', 'आढावा', 'परिचय' एवढंच असेल तर रेकॉर्डिंग येईल, ते भांडी घासताना ऐका. शिकवून दाखवायचंय, स्वतःची एखादी असाइनमेंट आणायचीय, विद्यार्थ्यांच्या सोडवलेल्या उत्तरपत्रिका (नावं झाकून) आणायच्यात असं असेल तर जा. या कसोटीवर 'ग्रेट टीचर्स सेमिनार' नावाचा प्रकारही उतरतो. १९६९ साली इलिनॉयमधल्या कॉलेज ऑफ डुपेजच्या डेव्हिड गॉटशॉल यांनी सुरू केलेला. तिथे व्याख्यानाला तज्ज्ञ बोलावत नाहीत. येताना दोन कागद आणायचे: एकावर वर्गात जमलेली एक युक्ती, दुसऱ्यावर न सुटलेली एक अडचण. बाकी कार्यक्रम त्या कागदांवरच चालतो. माझा अनुभव असा की पहिला कागद सगळे मिरवत आणतात, पण खरी चर्चा दुसऱ्यावर होते.

टाळण्यासारख्याही सांगते. कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस येऊन बटणं दाखवणार असेल तर ती जाहिरात समजा. आणि 'तुमचे विद्यार्थी दृश्य शैलीचे की श्राव्य शैलीचे' अशा नावाची असेल तर त्या वेळात झोप काढा. २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन चाळून पाहिलं होतं. शैलीनुसार शिकवल्याने जास्त कळतं, याला टिकणारा पुरावा त्यांना सापडला नाही. तरी या कार्यशाळा दरवर्षी येतात, लोक प्रश्नावल्या भरतात, 'मी दृश्य शैलीची' म्हणत घरी जातात.

आता एक उदाहरण, जे मी नव्या माणसाला नेहमी सांगते, कारण त्याला ना सॉफ्टवेअर लागतं ना अनुदान. टेक्सासमधल्या ओडेसा कॉलेजात विद्यार्थी मध्येच कोर्स सोडून जायचे. कोणत्या शिक्षकांच्या वर्गातून मुलं गळत नाहीत ते त्यांनी आकड्यांत शोधलं आणि मग त्या शिक्षकांकडे जाऊन बघितलं. शिकवण्याची पद्धत काही सारखी निघाली नाही. कोणी व्याख्यान देणारे, कोणी गटात बसवणारे. सारखं होतं ते विद्यार्थ्यांशी वागणं. त्यातून चार गोष्टी ठरल्या: पहिल्या दिवसापासून नावाने बोलायचं, सुरुवातीलाच प्रत्येकाला एकदा तरी एकटं भेटायचं, कोण मागे पडतंय यावर नजर ठेवून लगेच हात द्यायचा, आणि नियम स्पष्ट सांगायचे पण अडचणीला थोडी सैल दोरी ठेवायची. शिक्षकांना या चारांची तयारी करून दिली आणि गळती उतरली.

मी यातली एकट्याला भेटायची गोष्ट उचलली. ॲडजंक्ट असताना मला ऑफिसच नव्हतं, म्हणून तासाला मुलं उदाहरणं सोडवत असताना एकेकाला दाराबाहेर बोलावून चार मिनिटं बोलायचे. पस्तीस मुलं, दोन आठवडे. एका मुलाने सांगितलं की तो रात्रपाळी करून थेट वर्गात येतो. तोवर मी त्याला मागच्या बाकावर झोपणारा आळशी समजत होते.

आणखी एक. एका दिवसाच्या कार्यशाळेवर फार भिस्त ठेवू नका, ती कितीही चांगली असली तरी. २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर इथल्या कॉलेजांना प्लेसमेंट परीक्षेऐवजी (कोणाला कुठल्या पातळीच्या वर्गात घालायचं ते ठरवणारी प्रवेशावेळची परीक्षा) हायस्कूलचे गुण बघून विद्यार्थ्यांना बसवावं लागलं, आणि २०१९ च्या फॉल सेमिस्टरपासून पायाचे बरेचसे गणिताचे वर्ग उठले. जी मुलं आधी दोन-तीन सेमिस्टर अपूर्णांक करत बसली असती ती थेट माझ्या स्टॅटिस्टिक्समध्ये, सोबत मदतीसाठी एक जोडवर्ग. आम्हाला त्यासाठी दिवसभराचं प्रशिक्षण मिळालं. जेवण चांगलं होतं. तिसऱ्या आठवड्यात सगळे गटांगळ्या खात होते. तारलं कशाने, तर आम्ही चौघं दर शुक्रवारी पाऊण तास भेटायला लागलो: पुढच्या आठवड्याचा एक धडा एकत्र करायचा, मागच्याचा कुठे फसला ते कबूल करायचं. त्याला पुढे कॉलेजने 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' असं भारदस्त नाव दिलं आणि तासांचे पैसेही दिले. आधी आम्ही फुकट केलं होतं, ते करू नये असं आज म्हणेन.

त्यामुळे कुठल्याही कार्यशाळेला जाताना शक्यतो तुमच्या विभागातलं एक माणूस सोबत न्या. परत आल्यावर दोघींनी एकमेकींच्या वर्गात एकेकदा मागे बसायचं, एवढं आधीच ठरवून टाका, तारखेसह. तारीख नाही ठरवली तर मिडटर्म येतात, आणि मग काही होत नाही.

तुमच्या पहिल्या सेमिस्टरला एकच करा. इन्स्ट्रक्शनल स्किल्सवाली असली तर ती, नाहीतर जी काही हाताने करायला लावेल ती. जागा सहा असतात आणि नर्सिंगवाले फार लवकर नावं घालतात. यादीत नसेल तर शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या समन्वयकाला विचारा, गट भरत नसला की बाहेरच्यांनाही घेतात, मी तशीच शिरले होते.