कालवांवर प्रोजेक्ट करायचाय ना, मग आधी हे वाच

अगं,

तुझा मेल वाचला. एमएस्सीला ओशन ॲसिडिफिकेशन, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून समुद्राचं पाणी आम्लाकडे सरकणं, घेतलंस, तेही आपल्या खाडीतल्या कालवांवर (ऑयस्टरवर), मनापासून आनंद झाला. पण पहिल्याच ओळीत तू लिहिलंयस की समुद्र ॲसिड होत चाललाय म्हणून कालवं कमी झालीत, ते वाक्य आत्ताच काढून टाक. खरंही निघेल कदाचित, पण ते तुला शोधायचंय. आणि समुद्र ॲसिड झालेला नाही, अजून अल्कलाईनच आहे, वरच्या थराचा सरासरी पीएच (हा आकडा जितका कमी तितकं पाणी आम्लाकडे) औद्योगिक क्रांतीपासून साधारण ८.२ वरून ८.१ वर आलाय. ०.१ ऐकून लोक म्हणतात त्यात काय एवढं, तर पीएचची पट्टी लॉगरिदमिक असते, एका अंकाला दहापट फरक, म्हणजे ०.१ ने हायड्रोजन आयन २५ ते ३० टक्क्यांनी वाढले, आणि ते पाण्यातल्या कार्बोनेटला जाऊन चिकटतात, मग कवच बांधायला लागणारा मालच कमी पडतो.

आता ओरेगॉनची केस नीट वाच, घाई करू नकोस. तिथे नेटार्ट्स बेच्या काठावर व्हिस्की क्रीक नावाची ऑयस्टर हॅचरी आहे, म्हणजे टाक्यांमध्ये कालवांची पिल्लं तयार करायची जागा, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कितीतरी ऑयस्टरवाले बी, म्हणजे ही पिल्लं, इथूनच घेतात. २००७ च्या सुमारास टाक्यांमधले लार्वा (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) मरायला लागले. सगळ्यांचा संशय व्हिब्रिओ बॅक्टेरियावर, पाणी साफ करायची महागडी यंत्रणा बसवली तरी मरायचे थांबेनात. मग हॅचरीतले ॲलन बार्टन आणि ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीचे बर्क हेल्स पाण्याची केमिस्ट्री सतत मोजायला लागले, तेव्हा कळलं की उत्तरेचा वारा सुटला की खोलातलं थंड, कार्बन डायऑक्साईडने भरलेलं पाणी वर येतं आणि खाडीत शिरतं. लार्वा पहिल्या दोन दिवसांतच कवच बांधायला घेतो, तेही अंड्यातल्या शिदोरीवर, तेवढ्या वेळात पाणी वाईट मिळालं की पुढे वाढतच नाही. सकाळी पाणी जास्त वाईट असायचं, दुपारपर्यंत समुद्री गवत बराच कार्बन डायऑक्साईड ओढून घ्यायचं, म्हणून ते दुपारी टाक्या भरायला लागले आणि पाण्यात सोडियम कार्बोनेट घालायला लागले. हॅचरी वाचली. त्यावरचा पेपर २०१२ मध्ये आला.

पण आपल्या खडकावरच्या कालवांना सोडा कोण घालणार? हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडेही पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याला खालचं पाणी वर येतं, ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साईड जास्त असलेलं. त्याच महिन्यांत खाडीत पावसाचं गोडं पाणी उतरतं, तेही पीएच बदलतं. त्यात सांडपाणी, रेती उपसा, जास्त वेचणी. यातलं एकेक वेगळं काढता आलं तरच तुझ्या प्रोजेक्टला अर्थ आहे.

म्हणून नुसतं खिशातलं पीएच मीटर घेऊन जाऊ नकोस. साध्या मीटरमध्ये खाऱ्या पाण्यात ०.१ ची चूक सहज होते, आणि दोनशे वर्षांतला अख्खा बदलच तेवढा आहे! सोबत टोटल अल्कॅलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद), खारटपणा (सॅलिनिटी) आणि तापमान घे, म्हणजे कार्बोनेटचा हिशोब मांडता येईल. सॅम्पल टिकवायला मर्क्युरिक क्लोराईड वापरतात, ते जहाल विष आहे, गाईडशिवाय हात लावायचा नाही. दरवेळी भरती-ओहोटीची तीच अवस्था पकड, आणि एकदा तरी पहाटे जा, रात्रभर खाडीतले सगळे जीव नुसता श्वास घेत, कार्बन डायऑक्साईड सोडत असतात त्यामुळे तेव्हा पीएच बराच खाली सापडतो. दुपारचं एकच रीडिंग घेऊन सगळं ठीक आहे असं लिहिणारे रिपोर्ट मी पाहिलेत, मला त्यांचा राग येतो.

आणि कालवं काढणाऱ्या बायकांकडे जा. सुकतीला (ओहोटीला) कमरेत वाकून खडकावरून कालवं फोडतात त्या, बोट नाही, जाळं नाही, त्यांचा माल टोपलीतून थेट बाजारात, म्हणून बंदरावरच्या मासळीसारखी त्याची नोंद बहुतेकदा होतच नाही. उद्या कालवं खरंच संपली तरी भरपाई मागायला त्यांच्याकडे कागद नसेल. तेव्हा त्यांना आम्लीकरण समजावत बसू नकोस, विचार की खडकाला नवं बी कुठल्या महिन्यात धरतं, कुठला खडक आधी ओस पडला, कवच पूर्वीपेक्षा पटकन फुटतं का. त्यांच्याच शब्दांत लिहून घे, तारखेसकट.

मीटर घ्यायच्या आधी मॉडेल मला कळव, आणि कॅलिब्रेशनला कुठले बफर (ठरावीक पीएचची द्रावणं) वापरणार तेही लिही.

तुझे सर