बाई, ठेव मोडून बिझनेस क्लास घ्यायचा का?

ठाण्याहून, नौपाड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलंय. वय ६४, यजमान नाहीत, पेन्शन ४१ हजार. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख, चौदा महिन्यांपूर्वी ठेवलेले. बँकेत एफडी मिळून ६ लाख. बीपीची गोळी चालू, गुडघे सुजतात. लेक न्यू जर्सीत, तिच्या बाळंतपणासाठी पाच महिने जायचंय. थेट विमान, साधारण सोळा तास. जाऊन-येऊन इकॉनॉमी १ लाख १५ हजार, बिझनेस ३ लाख ९० हजार. त्या लिहितात: ‘विमानात एकदाच बसले, दिल्लीला जाताना, आणि उतरेपर्यंत रामरक्षा म्हणत होते. अहमदाबादच्या अपघातापासून तर तिकिटाचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. पोस्टातली ठेव मोडून बिझनेस क्लास घेऊ का? लेक-जावई पैसे देतो म्हणतात, पण मुलीचे पैसे घेणं मनाला पटत नाही.’

नमस्कार बाई. (शिक्षिका म्हटल्यावर माझ्या तोंडून दुसरं काही निघणारच नाही.)

आधी पोस्टाचं उरकून टाकू. ती ठेव मोडायची नाही. या योजनेतून लागतील तेवढेच पैसे काढता येत नाहीत, खातंच बंद करावं लागतं. एक वर्ष झालंय पण दोन व्हायची आहेत, म्हणून मुदलातून दीड टक्का कापतील. १५ लाखांवर ते २२,५०० रुपये होतात. शिवाय ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारं व्याज बंद. खर्च करायचाच तर बँकेतल्या एफडीतून करा, आणि मुदत संपत आलेली निवडा. मुदतीआधी मोडलीत तर पैसे जितके दिवस राहिले तितक्याच दिवसांचा दर मिळतो आणि त्यातूनही बँका सहसा अर्धा ते एक टक्का कापतात.

आता दोन तिकिटांमधल्या पावणेतीन लाखांचं बोलू. यातला काही भाग करातच जातो, कारण २२ सप्टेंबर २०२५पासून बिझनेस क्लासवरचा जीएसटी १२वरून १८ टक्के झालाय आणि इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. दोन्ही वेळचे मिळून बत्तीस तास धरले तर तासाला साडेआठ हजारांहून थोडं जास्तच पडतं. हा आकडा ऐकून माणूस दचकतो. मी मात्र उलट बाजूनेही मोजतो: हेच पैसे ८.२ टक्क्यांनी ठेवले असते तर महिन्याला १,८८०च्या आसपास आले असते. पेन्शन आणि पोस्टाचं व्याज मिळून तुमच्या हातात महिना एक्कावन्न हजार येतात. म्हणजे तुम्हाला परवडतंय, बाई. मला खटकतंय ते वेगळंच.

तुमच्या पत्रात दोन दुखणी एकत्र झाली आहेत, गुडघ्याचं आणि भीतीचं. पहिल्यावर बिझनेस क्लास हा खरा इलाज आहे. पाय लांब करून आडवं होता येतं, बाजूच्याला न उठवता उठता येतं. दुसऱ्यावर तो फारसा चालत नाही. विमान तेच, वैमानिक तोच. अहमदाबादच्या अपघातातून वाचलेला एकमेव प्रवासी ११एवर होता, म्हणजे इकॉनॉमीत. (नंतर लोक हौसेने ११ए मागायला लागले. दुसऱ्या विमानात ती सीट भलत्याच जागी असते, हे त्यांना कोण सांगणार!) हादऱ्यांचं म्हणाल तर ते सर्वांत कमी जाणवतात पंखांच्या आसपास. बिझनेस क्लास बहुतेक विमानांत त्याच्या पुढे असतो.

माझ्या एका क्लायंटने, तुमच्याइतक्याच घाबरट गृहस्थांनी, पावणेचार लाख मोजले होते. परत आल्यावर म्हणाले, ‘सोळा तास फार आरामात जागा होतो.’ त्यांची सीट खिडकीची, तीन बाजूंनी आडोसा केलेली. विमान हललं तेव्हा कुणाचा हात धरावा तर आजूबाजूला कुणीच नाही. दार लावलेल्या डब्यात ठेवल्यासारखं वाटलं म्हणे. इकॉनॉमीत निदान शेजारी एखादी काकू असते, ‘होतं असं, काही नाही’ म्हणणारी. त्यामुळे घेतलंत तरी सीटचा नकाशा आधी बघा. मधल्या रांगेत, जिथे शेजारच्या सीटवरचं माणूस दिसतं, तिथली घ्या.

गुडघे सुजतात म्हणून आणखी एक. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी प्रवाशांमध्ये तो सहा हजारांत एकाच्या आसपास निघाला होता. कारण एका जागी बसून राहणं, तिकीट कुठलंही असो. झोपेची गोळी घेऊन सोळा तास निपचित पडायचा बेत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गोळी पहिल्यांदा विमानात घेऊन बघू नका.

तिकीट काढण्याआधी पाच-सहा हजारांचा एक प्रयोग करा. मैत्रिणीला घेऊन गोव्याला किंवा नागपूरला विमानाने जाऊन या, तासा-दीड तासाचं उड्डाण. सीट पंखाजवळची घ्या. रामरक्षा म्हणा, बिनधास्त. भीती खाली आली तर समजा की तुम्हाला सवयीचीच गरज होती. तशीच राहिली तर समुपदेशकाकडे चार-सहा वेळा जा. तो खर्चही पावणेतीन लाखांच्या जवळपास फिरकणार नाही.

त्यानंतर माझं मत असं: जाताना बिझनेस, येताना इकॉनॉमी. एकाच तिकिटात असं काढता येतं. भाडं नेमकं मधोमध येईलच असं नाही, पण अडीच लाख धरून चला. जातानाच का, तर तिथे उतरल्यावर तुम्हाला विश्रांती नाही. बाळाला मालिश, लेकीचं पथ्यपाणी, रात्रीची जागरणं. परत आल्यावर मात्र नौपाड्याच्या घरात आठवडाभर झोपलात तरी कोण विचारतंय? येतानाची सीट कडेची घ्या आणि दोन्ही विमानतळांवर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. त्यात लाज कसली, अमेरिकेच्या विमानाला व्हीलचेअरची रांगच लागलेली असते.

याही आधी काढायचा तो प्रवास विमा. पूर्ण पाच महिन्यांचा, आणि बीपी आधीपासून आहे हे लिहून देऊन. लपवलंत तर ऐन वेळी क्लेम अडेल आणि अमेरिकेतलं एक हॉस्पिटलचं बिल तुमच्या सगळ्या एफडी गिळून बसेल. विम्याला पैसे कमी पडत असतील तर बिझनेस क्लास रद्द, चर्चा नको.

राहिले लेकीचे पैसे. माझी आजी म्हणायची, नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी जेवू नये. बाई, इथे तर नातवंडासाठीच चालला आहात! इकॉनॉमीचे १ लाख १५ हजार आणि विमा तुमच्या एफडीतून भरा, वरचा सव्वा-दीड लाख जावयांना देऊ द्या. बँकेत पावणेपाच लाखांच्या आसपास उरतील, पोस्टाला हात लागणार नाही.