वाचकांचे प्रश्न : कडुनिंब सरस की हळद?

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. कडुनिंबाची पाने आणि हळद यांचे मिथेनॉलमध्ये काढलेले अर्क मी स्टॅफिलोकोकस ऑरिअस या जीवाणूवर अगरमध्ये, म्हणजे जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरात, खळगे पाडून तपासले. कडुनिंबाभोवती १४, हळदीभोवती ९ आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या चकतीभोवती २० मिलिमीटर व्यासाचे, जीवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ मिळाले. कडुनिंब हळदीपेक्षा गुणकारी असून जेंटामायसिनच्या जवळपास पोहोचतो, असा निष्कर्ष प्रबंधात लिहिता येईल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही, या मोजमापातून दोन्हींपैकी एकही विधान निघत नाही. वर्तुळाचा व्यास हे निव्वळ मारकशक्तीचे माप नव्हे, कारण अर्कातील घटकाला आधी अगरमधून पाझरत दूरवर जावे लागते आणि ते पाझरणे रेणूच्या आकारावर व पाण्यातील विद्राव्यतेवर अवलंबून असते. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे ते खळग्याच्या कडेलाच अडकते आणि अर्कात दम असला तरी वर्तुळ लहान दिसते. शिवाय खळगा ८ मिलिमीटरचा असेल, तर तुमच्या ९ मिलिमीटरमध्ये प्रत्येक बाजूला जेमतेम अर्धा मिलिमीटर उरतो. एवढा फरक मोजपट्टीच्या चुकीतही येऊ शकतो.

जेंटामायसिनशी तुलना त्याहून फसवी आहे. त्याच्या प्रमाणित चकतीत १० मायक्रोग्रॅम औषध असते. अर्काची तीव्रता तुम्ही कळवलेली नाही, पण दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम या हिशेबाने १०० मायक्रोलिटर घातले असतील, तर खळग्यात १० मिलिग्रॅम अर्क पडला, म्हणजे औषधाच्या हजारपट. अर्क हे अनेक घटकांचे मिश्रण असते आणि त्यात क्रियाशील भाग थोडाच असतो हे खरे. पण मग तो भाग वेगळा काढल्याखेरीज औषधाशी बरोबरी सांगू नये.

पत्रात नुसत्या द्रावकाच्या खळग्याचा उल्लेख नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. मिथेनॉल स्वतःच जीवाणूंना मारक आहे. अर्क पूर्ण सुकवून डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकात विरघळवला असला, तरी तेवढाच कोरा डीएमएसओ त्याच डिशमध्ये तपासायलाच हवा.

दोन अर्कांची तुलना करायचीच असेल, तर किमान प्रतिबंधक तीव्रता (एमआयसी), म्हणजे जीवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी तीव्रता, काढावी. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये मुलर-हिंटन ब्रॉथ हे जीवाणू वाढवायचे द्रव माध्यम घेऊन अर्क क्रमाने निम्मा-निम्मा विरळ करत जावे आणि सर्वत्र जीवाणूंची संख्या सारखी ठेवावी. त्यासाठी जीवाणू मिसळलेल्या मूळ द्रवाचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या ठरावीक गढूळपणाच्या मापाशी जुळवून ते ठरलेल्या पटीत विरळ करतात. जीवाणू वाढले की ब्रॉथ गढूळ होतो, पण हिरव्या-पिवळ्या अर्कात हा गढूळपणा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रेझाझुरिन हा रंग वापरतात. जिवंत जीवाणू हा निळा रंग गुलाबी करतात. मात्र वनस्पतींमधील काही क्षपणकारी घटकही तेच करू शकतात, त्यामुळे जीवाणू न घातलेला, फक्त अर्क व रंग असलेला खळगा प्रत्येक तीव्रतेला ठेवावा. हळदीचा अर्क ब्रॉथमध्ये साका होऊन खाली बसला, तर तीही नोंद करावी.

तोवर प्रबंधात एवढेच लिहावे की या तीव्रतेला कडुनिंबाच्या अर्काभोवती १४ मिलिमीटरचे वर्तुळ दिसले. तेही नुसत्या द्रावकाच्या खळग्याभोवती वर्तुळ दिसले नाही, तरच.