विद्यापीठात सगळ्यांनी मिळून लिहायच्या वेबसाधनांचा खरा उपयोग कसा करून घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठाचं पोर्टल आहे, प्रत्येकाला लॉगिन आहे, वर्गात सगळ्यांकडे मोबाइल आहेत, तरी कारभार एकतर्फीच चालतो. शिक्षक पीडीएफ टाकतात, मुलं डाउनलोड करतात. मुलं एकमेकांबरोबर काम करतील अशी साधनं कशी वापरायची, आणि त्यासाठी काय विकत घ्यायचं?

विकत घेण्याचं आधी सांगून टाकतो, कारण उत्तर छोटं आहे: बहुधा काहीच नाही. मी बडोद्यात एका कॉलेजात पहिल्या वर्षाला सांख्यिकी शिकवतो. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी चांगले पैसे मोजून अशी एक व्यवस्था आणली. नारळ फुटला, पेढे वाटले, ट्रेनिंग झालं. वर्षभरानं मी तिथला चर्चेचा विभाग उघडला तर त्यात एकच नोंद होती: "सर, इंटर्नलची तारीख काय?" खाली कुणाचंही उत्तर नाही. त्यातले सर म्हणजे मीच.

त्यानंतर मी या प्रकाराच्या नादी लागायचं नाही असं ठरवलं होतं. ते मोडलं एका शब्दावरून.

आमच्याकडे शिकवणं इंग्रजीत चालतं. पण निम्मा वर्ग गुजराती माध्यमातून येतो, आणि नंदुरबार, जळगावकडची चार-दोन मुलं महाराष्ट्र बोर्डातून मराठीत शिकून आलेली असतात. मीन (सरासरी), मीडियन (मधली संख्या) म्हटलं की सगळे माना डोलावतात, पण पेपर तपासताना कळतं की डोलणाऱ्या मानांमध्ये वेगवेगळं काही चाललं होतं. म्हणून एका वर्षी मी एक कोरं पान उघडलं, सगळ्यांना त्यात लिहायची मुभा दिली आणि सांगितलं, की आपापल्या शाळेच्या पुस्तकात या गोष्टीला काय म्हणायचे ते लिहा, आणि अर्थ आपल्या शब्दांत सांगा. रात्री साडेदहाला सहज पाहिलं तर एका ओळीवर रणकंदन. भावनगरच्या मुलानं लिहिलं होतं, मध्यक म्हणजे मीन. नंदुरबारच्या मुलीनं ते खोडून लिहिलं, मध्यक म्हणजे मीडियन. त्यानं तिचं खोडलं, तिनं त्याचं. सात-आठ वेळा.

गंमत अशी की दोघांचंही बरोबर होतं. मीन, मीडियन आणि मोड (सर्वांत जास्त वेळा येणारी संख्या) यांना महाराष्ट्राच्या पुस्तकात अनुक्रमे मध्य, मध्यक, बहुलक म्हणतात. गुजरातच्या पुस्तकात मध्यक, मध्यस्थ, बहुलक. म्हणजे मध्यक हा शब्द गुजरातेत सरासरी, आणि महाराष्ट्रात मधली संख्या. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलो, घरात मराठी आणि बाहेर गुजराती बोलत, वीस वर्षं हाच विषय शिकवतोय, आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. इतक्या वर्षांत या एका शब्दापायी किती जणांचे मार्क मी कापले असतील, देव जाणे.

भांडण मी मिटवलं नाही. तिसऱ्याच एका मुलानं खाली लिहिलं: पाच संख्या घ्या, १, २, ३, ४, ४०. मधली ३ आहे, सरासरी १० आहे. आता तुमचं पुस्तक ३ला काय म्हणतं आणि १०ला काय म्हणतं ते सांगा. त्यानंतर ती ओळ कुणी खोडली नाही. मी तीन तास फळ्यापुढे उभा राहून जे साधलं नसतं ते त्या पानावर अर्ध्या तासात झालं. ते पान आजही आहे, दर वर्षीची बॅच त्यात भर घालते.

(बडोद्याला हे नवीन नाही म्हणा. १९३१ साली बडोदे सरकारनं 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' नावाचा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश छापला, त्यात इंग्रजीसकट आठ भाषा होत्या. एका दफ्तरात मराठी कारकून, गुजराती तलाठी आणि इंग्रजी कायदा असला की असा कोश लागतोच. आमच्या वर्गाची गत तीच.)

तर माझं म्हणणं एवढंच: साधन निवडायच्या आधी असं काम शोधा जे एकट्याला पुरं करताच येणार नाही. शब्दसंग्रह असा आहे, कारण तीन शाळांची पुस्तकं एका मुलाकडे नसतात. 'अमुक विषयावर गटानं अहवाल लिहा' हे तसं काम नाही. ते एकट्याला जमतं, म्हणून ते एकटाच करतो. मी पुढच्या वर्षी नेमकी ही चूक केली. साठ मुलं, एक विकी (सगळ्यांना बदलता येतील अशी वेबपानं), एक अहवाल. शेवटच्या रात्री पावणेबाराला एका मुलीनं सगळा मजकूर एकदम चिकटवला आणि मी साठ जणांना सारखे मार्क दिले. त्या मुलीनं नंतर माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते.

साधनांचे ढोबळमानानं दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक शिक्षकानं समजून घ्यावा, तंत्रज्ञ होण्यासाठी नव्हे, तर कुठलं काम कुठे द्यायचं ते कळावं म्हणून. एक विकी. अमेरिकन प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी सुरू केली. त्यात तुम्ही पान उघडता, बदलता, जतन करता. मधल्या वेळात दुसऱ्यानं तीच ओळ बदलली असेल तर ते तुमच्यापुढे येतं आणि काय ठेवायचं ते तुम्हाला ठरवावं लागतं. दुसरा प्रकार गूगल डॉकसारखा, जिथे दोघांचे कर्सर एकाच पानावर पळताना दिसतात. याची पहिली झलक संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दाखवली होती. पण ते भरवशानं चालवायचं गणित १९८९ च्या सुमाराला एलिस आणि गिब्ज या संशोधकांनी मांडलं. समजा मी दहाव्या जागी एक अक्षर घातलं आणि त्याच क्षणी तुम्ही तिसऱ्या जागचं अक्षर खोडलं. माझा बदल तुमच्याकडे पोचेल तेव्हा तुमच्याकडची दहावी जागा नववी झालेली असते. तेव्हा माझा बदल लावण्याआधी त्याचा आकडा एकानं मागे घ्यावा लागतो. हा हिशेब सेकंदात अनेकदा, प्रत्येकाच्या यंत्रावर चालू असतो.

वादाचं, व्याख्येचं, लेखनाचं काम असेल तर मी विकीच घेतो. जतन करायच्या आधी क्षणभर थांबावं लागतं, आणि 'हा बदल का केला' ते एका ओळीत लिहायची जागा बऱ्याच विकींत असते. ती ओळ म्हणजे माझ्या दृष्टीनं अर्धं शिक्षण. मोजमाप गोळा करायचं असेल तर थेट चालणारं पत्रक (स्प्रेडशीट) बरं. तुमच्याकडे मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर विकी आणि सामायिक शब्दसंग्रह दोन्ही त्यात आधीपासूनच आहेत. ते २००२ पासून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, खर्च सर्व्हरचा आणि तो सांभाळणाऱ्या माणसाचा. कित्येक ठिकाणी हे विभाग आहेत हेच कुणाला ठाऊक नसतं. तसं पाहिलं तर १९९० साली वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी लिहिलेला पहिला ब्राउझर पान वाचण्याबरोबर लिहिण्यासाठीही होता. फक्त वाचायची सवय नंतर लागली.

पत्रकाचा एक अनुभव सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, अर्धं शहर पाण्यात, सोसायट्यांमध्ये मगरी. कॉलेज उघडल्यावर वर्गात दुसरा विषयच नव्हता, म्हणून मी एक पत्रक उघडलं: तुमच्या घरापाशी पाणी किती चढलं ते लिहा. दहा मिनिटांत आकडे भरले, आणि बघतो तर कुणी ४ लिहिलंय, कुणी ४०. एकानं फुटात, दुसऱ्यानं इंचात. चौथ्या मजल्यावरच्या मुलीनं शून्य लिहिलं, तर शेजारचा म्हणाला, खाली पार्किंगमध्ये तुझी स्कूटर बुडाली ना, मग शून्य कसं? मोजायचं काय हे ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो आणि दर वर्षी कुणी ऐकत नाही. त्या दिवशी त्यांनी ते एकमेकांना सांगितलं. सरासरी एका मोठ्या आकड्यानं कशी ओढली जाते आणि मधली संख्या कशी जागची हलत नाही, तेही त्याच पत्रकावर.

त्यातच माझ्या हातून एक घोळ झाला. एका मुलानं मदतीसाठी म्हणून मोबाइल नंबरचा रकाना वाढवला, आणि पत्रकाचा दुवा मी 'ज्याला मिळेल त्याला उघडेल' असा ठेवला होता. दोन दिवसांनी लक्षात आल्यावर रकाना काढला. पण तेवढ्यावर भागत नाही. जुन्या आवृत्तीत तो राहतोच. शेवटी नवं पत्रक करून जुनं पुसून टाकावं लागलं. मुलांची माहिती असलेली कुठलीही गोष्ट विद्यापीठाच्या लॉगिनच्या आतच ठेवा.

मोठ्या वर्गात लेखन जमत नसेल तर मतदान घ्या. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी १९९१ पासून ही पद्धत रुजवली: एक नेमका प्रश्न, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचा प्रयत्न करायचा, मग पुन्हा उत्तर. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चेचा सर्वांत जास्त फायदा. त्याहून कमी असतील तर आपलंच शिकवणं पोचलेलं नाही, त्याहून जास्त असतील तर पुढे चला. मोबाइलवरून होतं, आणि नेट नसेल तर रंगीत कार्डांवरही होतं.

विकिपीडियावर थेट लिहायला लावावं का, असं बरेच विचारतात. जरूर लावा, पण पुण्यात काय झालं ते आधी बघा. २०११ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेनं तिथल्या काही महाविद्यालयांमध्ये मुलांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लिहायला लावलं. मुलं पुष्कळ, मार्गदर्शक थोडे, आणि पुस्तकांतून, संकेतस्थळांवरून जसंच्या तसं उचललेलं इतकं येऊ लागलं की ते निस्तरता निस्तरता तिथले स्वयंसेवक थकले आणि कार्यक्रम आवरता घ्यावा लागला. मुलं वाईट होती असं मला वाटत नाही. उतारा म्हणजेच अभ्यास असं आपण बारा वर्षं शिकवतो आणि मग तेराव्या वर्षी स्वतःच्या शब्दांत लिही म्हणतो. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला 'धूळपाटी' असं फार छान नाव आहे. एक सत्र धूळपाटीवरच काढा. दहा जणांच्या वर पहिल्या वर्षी घेऊ नका.

आता मार्क. यावरच सगळं अडतं. प्रत्येक बदल कुणी, कधी केला हे इतिहासात दिसतं, म्हणून बदल मोजायचा मोह होतो. मोजू नका. मी मोजले, तर एक पठ्ठ्या रोज रात्री एक स्वल्पविराम घालायचा आणि दुसऱ्या दिवशी काढायचा. सत्राअखेर सर्वांत जास्त बदल त्याचेच. आता मी प्रत्येकाला स्वतःचे तीन बदल निवडायला सांगतो आणि दोन मिनिटं समोर बसवून विचारतो, हा का केलास, आधी काय चुकत होतं? साठ मुलांना दोन तास लागतात. चिकटवलेलं असो की एआयकडून लिहून घेतलेलं, दोन मिनिटांत उघडं पडतं, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. इंटर्नलच्या वीसपैकी पाच मार्क यावर ठेवले तरी पुरे. शून्य ठेवले तर कुणी फिरकत नाही, हे मात्र खात्रीनं सांगतो.

विद्यापीठ म्हणून करण्यासारखं म्हणाल तर ते दोन तास शिक्षकाच्या कामात धरा. आमच्याकडे धरत नाहीत. बाकी सगळं आपण जमवून घेतो, पण हे जमवून घेता घेता माणूस तिसऱ्या वर्षी पीडीएफवर परत जातो. आणि मुलांना हव्या त्या भाषेत, हव्या त्या लिपीत लिहू द्या. माझ्या पानावर रोमन अक्षरांत गुजराती असतं, मी काही बोलत नाही. फक्त जुन्या नोट्स चिकटवताना सांभाळा. युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर सारखी दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमधला मजकूर पानावर नुसती अगम्य अक्षरं होऊन उतरतो. आमच्या खात्यातल्या एका ज्येष्ठ सरांच्या नोट्स अशाच आल्या, आणि दोन मुलींनी त्या वाटून घेऊन पुन्हा टाइप केल्या. त्यात त्यांना तीन गणितं चुकलेली सापडली. सरांना अजून सांगितलेलं नाही.

तुमचा विषय कोणता आणि वर्गात किती मुलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं खाली कळवा. प्रयोगशाळेचा विषय असेल तर मोजमापाच्या पत्रकाची रचना कशी ठेवायची ते सविस्तर लिहितो.