डिस्पॅच रिलायबिलिटी 99 टक्क्यांवर असेल तर विमान देखभाल विभाग उत्तम म्हणायचा का?

तुम्ही प्रोजेक्ट करताय, हातात डिस्पॅच रिलायबिलिटीचा 99.2 टक्के हा आकडा आहे आणि एवढ्यावरून देखभाल विभागाची कामगिरी ठरवता येईल का, असं विचारलंय. नाही ठरवता येणार. मी बरीच वर्षं लाइन मेंटेनन्समध्ये, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या देखभालीत काढली, आता सोलापुरात असतो. या एका आकड्यावर विभागाला शाबासकी मिळताना आणि शिव्या बसताना दोन्ही पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा आकडा मोजतो एवढंच, की तांत्रिक कारणाने 15 मिनिटांहून जास्त उशीर न होता किंवा रद्द न होता शंभरातली किती उड्डाणं सुटली. विमान कोणत्या अवस्थेत सुटलं हे त्यातून कळत नाही. स्नॅग, म्हणजे विमानातला बिघाड, दुरुस्त न करता एमईएलखाली (कोणत्या बिघाडासह उडता येतं त्याची मंजूर यादी) डिफर केला, म्हणजे पुढे ढकलला, तरी विमान वेळेवर जातं. त्यात गैर काही नाही, नियमच मुभा देतो: बी वर्गाच्या बिघाडाला 3 दिवस, सी वर्गाला 10, डी वर्गाला 120. म्हणून दर विमानामागे किती डिफर्ड स्नॅग उघडे आहेत आणि किती वेळा मुदत वाढवून घेतली, हे आधी मागा. मुदतवाढी वाढायला लागल्या की एक तर सुटे भाग कमी पडतायत, नाही तर माणसं.

पण माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा स्नॅग. एका विमानाच्या टेक लॉगमध्ये (बिघाड आणि दुरुस्ती लिहायची वही) नोंद होती: कार्गोचं दार बंद असूनही उघडं असल्याची वॉर्निंग. त्यापुढे आमच्याकडची नोंद: ‘सेन्सर साफ केला, ग्राउंड टेस्ट ओके.’ काही दिवसांनी तीच वॉर्निंग, सेन्सर बदलला. परत तीच, मग त्या वॉर्निंगचा इलेक्ट्रॉनिक बॉक्स बदलला. दर वेळी विमान वेळेवर सुटलं. काढलेला बॉक्स दुरुस्तीच्या शॉपमधून परत आला तो ‘बिघाड आढळला नाही’ असा शेरा घेऊन. शेवटी रात्रपाळीच्या एका टेक्निशियनने दाराजवळचं सगळं वायरिंग उघडलं. क्लॅम्पखाली एका वायरचं इन्सुलेशन घासून तांबं उघडं पडलं होतं. जमिनीवर थरथर नसते, त्यामुळे टेस्ट दर वेळी ओकेच यायची. आपल्याकडच्या यंत्रमागावरचा जॉबरही (माग दुरुस्त करणारा) हेच करतो: एकाच मागावर सूत सारखं तुटायला लागलं की नुसत्या गाठी मारत बसत नाही, माग तपासतो.

म्हणूनच एखादा भाग किती तासांनी काढावा लागतो आणि तो खरोखर किती तासांनी बिघडतो, या दोन सरासऱ्या शेजारी ठेवून बघा. पहिली दुसरीपेक्षा फारच कमी असेल तर चांगले भाग उतरवले जातायत, म्हणजे दोष शोधण्याचं काम कच्चं आहे.

वैमानिकांनी लिहिलेले स्नॅग कमी झाले की लगेच आनंद मानू नका. वेळेचं दडपण वाढलं की माणसं लॉगमध्ये लिहायचं सोडून तोंडी सांगायला लागतात. मला याची खरी भीती वाटते, कारण न लिहिलेला स्नॅग कुठल्याच तक्त्यात येत नाही.

किती मनुष्यतास काम झालं, ही तर कामगिरी धरूच नका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमधल्या लिबरेटर बॉम्बर विमानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की दर 50 तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात. चांगलं चाललेलं उघडून परत जोडण्यातूनच दोष शिरत होते. तुम्हीही मोठ्या चेकनंतरच्या (ठरावीक मुदतीच्या तपासणीनंतरच्या) पहिल्या काही उड्डाणांतले स्नॅग वेगळे काढा.

आता सोलापूरचं. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी 2023 मध्ये पाडली, गोव्याची विमानसेवा जून 2025 मध्ये सुरू झाली, त्यामुळे इथला डेटा मुळातच थोडा. महिन्याला 60 उड्डाणं धरली तर एका उशिराने आकडा 98.3 वर येतो, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तीन महिन्यांची सरकती सरासरी घ्या आणि टक्केवारीशेजारी मूळ संख्या लिहा.

शिवाय विमान एओजी झालं, म्हणजे बिघाडामुळे जमिनीवर अडकून पडलं, तर लागलेल्या वेळेचे तीन भाग करा: दोष सापडेपर्यंत, सुटा भाग आणि माणूस येईपर्यंत, आणि प्रत्यक्ष काम. होटगी रोडला, म्हणजे सोलापूर विमानतळावर, एखादं एटीआर (छोटं प्रवासी विमान) अडकलं तर बहुतेक वेळा मधलाच भाग सगळ्यात मोठा निघेल. तो टेक्निशियनच्या नावावर लावू नका, स्टोअर्स आणि प्लॅनिंगच्या नावावर लावा.