ताणामुळे ताण? प्रतिबल, विकृती आणि विरूपण

प्रश्न असा आहे: ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स’ (पदार्थ बलाला कसे तोंड देतात, हा अभियांत्रिकीतला विषय) याची टिपणं मराठीत करताना एक वाक्य तयार झालं, “सळईतील १०० मेगापास्कल ताणामुळे तिच्यात ०.०००५ इतका ताण निर्माण होतो.” स्ट्रेस आणि स्ट्रेन, दोन्हींना ताणच सुचतो. कोशात स्ट्रेससाठी प्रतिबल आणि स्ट्रेनसाठी विकृती हे शब्द सापडले, पण प्रतिबल कृत्रिम वाटतो आणि विकृती म्हटलं की मनोविकृतीच आठवते. काय वापरावं?

वाक्य हास्यास्पद झालंय खरं, पण दोष तुमच्यापेक्षा ‘ताण’ या शब्दाचा जास्त आहे. तो मुळातच दुतोंडी आहे. ‘दोरीला ताण दे’ म्हणतो तेव्हा ओढ अभिप्रेत असते. ‘रबर ताणलं गेलं’ म्हणतो तेव्हा ते लांबलेलं असतं. कारणही ताण आणि परिणामही ताण. तन् या धातूचा अर्थच पसरणं, लांबवणं. तंतू, वितान, गवयाची तान ही सगळी त्याचीच पिलावळ. आपण येताजाता घेतो ते ‘टेन्शन’ही लॅटिनमार्गे आलेलं याच कुळातलं चुलत भावंड आहे.

आणि गंमत म्हणजे त्या चुलत भावंडानेही हाच घोळ घातला होता. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये स्प्रिंगांबद्दलचा आपला नियम लॅटिनमध्ये मांडला: ‘उट टेन्सिओ, सिक विस’, म्हणजे जितकं ताणणं, तितकं बल. इथे टेन्सिओ म्हणजे लांबणं. आज टेन्शन म्हटलं की अभियंत्याला बल आठवतं. स्ट्रेस आणि स्ट्रेन हे तरी कुठे वेगळे? दोघांचं मूळ ‘आवळणं’ या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रँकिन या स्कॉटिश अभियंत्यासारख्यांनी मुद्दाम कुंपण घातलं, की स्ट्रेन म्हणजे आकारातला बदलच. इंग्रजीत हे शब्द जन्मतः काटेकोर नव्हते, त्यांना काटेकोर करून घेतलं. (शरीरशास्त्रात ते कुंपण पुन्हा मोडलं. शरीरावरच्या ताणाचे संशोधक हान्स सेल्ये यांनी शरीराच्या प्रतिसादालाच स्ट्रेस म्हटलं, अभियंता त्याला स्ट्रेन म्हणाला असता. मग कारणासाठी ‘स्ट्रेसर’ असा नवा शब्द घडवावा लागला.)

कुंपण का हवं, ते तुमच्याच आकड्यांवरून बघू. २ मीटर लांबीची पोलादी सळई घ्या, छेद १० बाय १० मिलिमीटर, म्हणजे १०० चौरस मिलिमीटर. तिला १०,००० न्यूटन बलाने ओढलं. बल भागिले क्षेत्रफळ, १०० न्यूटन दर चौरस मिलिमीटर, म्हणजेच १०० मेगापास्कल. हे प्रतिबल. पोलादाचा यंग गुणांक, म्हणजे प्रतिबल भागिले विकृती, साधारण २,००,००० मेगापास्कल. त्याने भागलं की ०.०००५. ही विकृती. तिला एकक नाही, कारण लांबीला लांबीने भागलंय. मीटरमागे अर्धा मिलिमीटर, एवढाच तिचा अर्थ. २ मीटरच्या सळईत प्रत्यक्ष वाढ १ मिलिमीटर. हे विरूपण. सळई ४ मीटरची असती तर प्रतिबल तेच, विकृती तीच, विरूपण मात्र २ मिलिमीटर. म्हणजे शब्द दोन नव्हे, तीन लागतात. विकृती आणि विरूपण एकमेकांच्या जागी वापरलेले बऱ्याच टिपणांत दिसतात, ते टाळा.

‘पण एक आलं की दुसरं येतंच ना?’ असं वाटेल. नाही येत. हीच सळई मोकळी ठेवून ५० अंश सेल्सिअसने तापवा. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशाने वाढतं, म्हणून विकृती ०.०००६, लांबी १.२ मिलिमीटरने जास्त, आणि प्रतिबल शून्य. आता तीच सळई दोन न हलणाऱ्या भिंतींत टोकांना अडकवून, वाकू न देता तापवा. लांबी तसूभर बदलत नाही, पण आत १२० मेगापास्कल प्रतिबल. दोन्हींना ताण म्हणणाऱ्याने हा परिच्छेद लिहून दाखवावा!

शिवाय ‘ताण’ आधीच कामात अडकलेला आहे. दोरीतला ताण न्यूटनमध्ये मोजतात, पृष्ठताण न्यूटन दर मीटरमध्ये. त्यालाच पास्कलमध्येही मोजायला लावलं तर एका शब्दाची तीन एककं होतील. आणि सळई दाबल्यावर काय म्हणणार, दाबाचा ताण? ‘संपीडन प्रतिबल’ जड आहे, पण निदान स्वतःशी भांडत नाही.

‘प्रतिबल’ कृत्रिम आहे, मान्य. त्यातला ‘प्रति’ विरोधाचा: बाहेरून ओढलं की आतले कण एकमेकांना धरून ठेवतात, ते उलट बल. माझी तक्रार वेगळी आहे. नावात बल असलं तरी ही राशी बल नव्हे, क्षेत्रफळावर वाटलेलं बल आहे. विद्यार्थ्यांना सांगायचं झालं तर मी एक पळवाट काढतो: ‘प्रति’ म्हणजे ‘दर’ असंही मराठीत म्हणतोच, तर प्रतिबल म्हणजे प्रति-एकक-क्षेत्र बल. व्युत्पत्ती म्हणून हे साफ खोटं, पण लक्षात चांगलं राहतं.

विकृतीची मात्र मी बाजू घेईन. वि + कृ, वेगळं करणं, मूळ रूपापासून हटणं, इतकंच त्यात आहे. सांख्य तत्त्वज्ञानातली विकृती म्हणजे प्रकृतीतून निघालेलं रूप; वेदपठणात जटा, घन वगैरे आठ विकृती, म्हणजे शब्दांचा क्रम बदलून म्हणायच्या पद्धती आहेत आणि त्या म्हणणाऱ्याला कोणी विकृत म्हणत नाही. शिवाय प्रकृतीशी जोडी जमते: बल काढल्यावर सळई मूळ लांबीवर येते, म्हणजे प्रकृतीवर येते. विशेषण करताना तेवढं जपा. ‘विकृत सळई’ लिहिलंत तर वाचक हसेल. तिथे ‘विरूपित’ बरं.

वर्गात बोलताना स्ट्रेस, स्ट्रेन म्हटलंत तरी काही बिघडत नाही. टिपणात मात्र असं लिहा: “सळईतील १०० मेगापास्कल प्रतिबलामुळे ०.०००५ इतकी विकृती होते. २ मीटर लांबीत ही वाढ १ मिलिमीटर भरते.” ‘निर्माण होते’ची गरज नाही.